काही खाल्लंय का?

माझे मोठे काका आमच्या दारात उभे राहिले की पहिला प्रश्न हाच विचारायचे. "काही खाल्लंय का?"

रात्री झोप लागली का, पायाची सूज उतरली का, पोरगी एकटी कसं करते सगळं, यातलं काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या भावजयीला विचारायला त्या माणसाकडे तेवढा एकच प्रश्न होता. आज इतकी वर्षं झाली तरी कुणी सहज म्हणून जरी मला विचारलं, काही खाल्लंस का गं, तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. विचारणाऱ्याचा काही दोष नसतो, बिचारा प्रेमाने विचारत असतो.

आमच्या नंदाखाल गावाच्या बाजूला जे म्हातारे, आजारी देवळात येऊ शकत नाहीत, त्यांना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियन आणून देतात. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही वसईचे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या देऊळच म्हणत आलो. घरात बोलतो ती बोलीही आमची वेगळीच, ती इथे लिहायला गेले तर तुम्हाला अर्धं कळायचं नाही, म्हणून साधं लिहिते. तर फादर एकटे कुठे कुठे पुरणार, म्हणून गावातल्या काही जाणत्या माणसांना हे काम दिलेलं असतं. त्यांच्या गळ्यात एक छोटी पिशवी, पिशवीत सोनेरी डबी आणि डबीत पवित्र भाकर. आमच्या श्रद्धेप्रमाणे ती भाकर नसतेच, प्रत्यक्ष प्रभू असतो. आणि ती घेण्याआधी तासभर पोटात अन्न जाता कामा नये, असा नियम. पाणी चालतं, औषध चालतं. शाळकरी वयात पहिल्या कम्युनियनच्या आधी हे आमच्याकडून घोकून घेतात, आणि मग मरेपर्यंत ते कुणी विसरत नाही.

काका त्या जाणत्या माणसांपैकी. जाणते कसले, उंटावरचे शहाणे! पण गावात मान मोठा. मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, सगळ्यांच्या आधी हजर. उशिरा येणाऱ्यांकडे मान वळवून असे बघायचे की माणसाने तिथूनच परत फिरावं. कुणाच्या ब्लाउजला बाही नाही, कुणाचा मोबाइल वाजला, कोण कम्युनियन घेऊन प्रार्थना न करता बाहेर सटकलं, सगळ्याची त्यांना खबर. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी कुणाच्या घरातून तळणाचा वास आला की रविवारी त्या घराचा पाणउतारा ठरलेला. मी लग्न केलं नाही, त्यावरही त्यांचं मत होतंच. मी सातिवलीला एका खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते, रविवारी कधीतरी तिथे जावं लागतं, त्यावर तर होतंच होतं.

आणि माझी आई म्हणजे या माणसाच्या अगदी उलट टोक. तिची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, पूर्ण झालेली मी कधी पाहिली नाही. पाचांपैकी तिसऱ्या रहस्यापर्यंत तिची मान लटकायची, माळ मांडीवर. दिवसभर वाडीत राबलेली बाई, केळीला पाणी, भाजीची खुरपणी, पहाटे मोगरा तोडणं, ती काय जागणार! पण दिवसभर तिची देवाशी बडबड चालू. पडवीत प्रभूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, खाली लाल दिवा. येता-जाता आई त्या तसबिरीशी भांडायची. "काय रे, या खेपेलाही भेंडीला कीड? तुझं लक्ष असतं कुठे?" एकदा काकांनी हे ऐकलं आणि त्यांचा नुसता तिळपापड झाला. प्रभूला अरेतुरे! आई हसून म्हणाली, "भाऊजी, मी त्याला सकाळपासून दहादा हाक मारते. इतक्यांदा अहोजाहो करत बसले तर कामं कधी करू?" काकांना हसू आलं नाही. त्यांना कधीच येत नसे.

एका ईस्टरला आई मिस्सेला गेली नाही. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी एक मुलगी अडली होती, नवरा कामावर, गाडी मिळेना. आई तिचा हात धरून बसली, मग तिच्याबरोबर दवाखान्यात गेली, बाळ झाल्यावर संध्याकाळी परत आली. येऊन तसबिरीला म्हणाली, "तू आज मेलेल्यातून उठलास म्हणतात. मी पण आज एक बघून आले." ते वाक्य ऐकून मला वाटलं, आपली आई किती थोर आहे. काकांनी मात्र पुढे कितीतरी महिने ईस्टरची मिस्सा चुकवलेली बाई म्हणून तिला ऐकवलं.

वडील जाऊन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघीच, आणि ही माझी आई एका सकाळी वाडीतच कोसळली. उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू परत आली, पाय आला नाही. साखर तर आधीपासूनच होती, आता रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन आणि त्यामागोमाग न चुकता खाणं. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, इंजेक्शन दिलं आणि पोटात काही गेलं नाही तर बाई हातची जाईल.

आईने कशाचीच तक्रार केली नाही. वाडी सुकली, काही बोलली नाही. एकच मागितलं. "पहिल्या शुक्रवारी भाऊजींना आपल्याकडे यायला सांग गं. मला कम्युनियन घ्यायचंय."

मी अर्धी रजा टाकली. टेबलावर पांढरं कापड, त्यावर क्रूस, मेणबत्ती, एका वाटीत पाणी. आईला धुतलेलं लुगडं नेसवलं, केस विंचरले. लहान मुलीसारखी खूश होती. आणि काका आले ते सकाळच्या चपातीनंतर जेमतेम वीस मिनिटांनी.

"काही खाल्लंय का?"

मी पटकन म्हणाले, "नाही." खोटं बोलले आणि मला त्याची काडीची लाज नाही. पण आई! ती बाई देवाशी भांडायची, खोटं बोलायची नाही. म्हणाली, "खाल्ली भाऊजी, अर्धी चपाती. सुई घेतली ना, म्हणून."

काकांनी पिशवीतून काढलेली डबी परत पिशवीत ठेवली. माझ्याकडे बघितलं ते असं, की मी देवळात चोरी करताना सापडले. 'आमच्या बापा' आणि 'नमो मरिया' या प्रार्थना म्हटल्या, कपाळावर क्रुसाची खूण केली आणि निघाले.

आई म्हणाली, "भाऊजी, बसा ना थोडं."

"प्रभू बरोबर असताना बसून गप्पा मारायच्या नसतात," काका म्हणाले आणि पायरी उतरले.

आईने भिंतीकडे तोंड केलं. मी मेणबत्ती विझवली, कापड घडी केलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटलं की नियम तर आहेच. हा आमच्या लोकांचा रोग आहे. काय करायचं नाही ते सगळं आम्हाला तोंडपाठ, पण त्यातून कुणाला सूट आहे का, हे विचारायला उभ्या गावात कुणी तोंड उघडत नाही. विचारणं म्हणजेच पाप, असं कुणी न शिकवताच शिकलेलो आम्ही.

मी काकांच्या घरी जाऊन हात जोडले. म्हटलं, वेळ सांगा, नाहीतर दहानंतर या, मी तिचं खाणं तसं सांभाळते. काका म्हणाले, "प्रभूला आता तुझ्याकडून अपॉइंटमेंट घ्यायची का?" काकी आतून बघत होती. बोलली नाही. त्या घरात ती कधी बोललीच नाही.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. "काही खाल्लंय का?" "खाल्लंय भाऊजी." डबी पिशवीत. "बसा ना थोडं." आणि त्यांची पाठ. फादरांना सांगते म्हटलं तर आई मला सोडेना. "नको गं. भाऊजींना कमीपणा येईल. त्यांचं तरी दुसरं आहे काय?" असल्या माणसाची बाजू घेत होती ती! मी चिडून म्हणाले, "आई, तो माणूस तुला उपाशी ठेवतोय." आई म्हणाली, "त्याला भीती वाटते देवाची. मला नाही वाटत. मग मीच समजून घ्यायचं ना?"

उपवासकाळ लागला आणि त्यातला पहिला शुक्रवार आला. त्या सकाळी मी इंजेक्शन दिलं, पेज वाटीत काढून तिच्या उशाशी ठेवली आणि मोटार लावायला विहिरीवर गेले. डाव्या हाताने ती रोज स्वतः प्यायची. परत आले तर वाटी रिकामी. मला बरं वाटलं. थोड्या वेळाने हाक मारली, उत्तर नाही. अंग घामाने चिंब, डोळे वर. पेज तिने खाटेमागच्या खिडकीतून बाहेर ओतली होती. भाऊजींनी विचारलं की या वेळी तिला नाही म्हणायचं होतं, आणि खोटं न बोलता नाही म्हणायचं होतं.

मी तिच्या गालात साखर घातली, ओरडले, मागच्या खोलीतली ती मुलगी पोराला कडेवर घेऊन धावत आली, तिनेच रिक्षा आणली. आम्ही आईला उचलून नेत असताना समोरून काका येत होते, पांढरा झब्बा, गळ्यात पिशवी. ते बाजूला झाले आणि रिक्षाला वाट दिली.

संध्याकाळी ते दवाखान्यात आले. तोवर डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की मेंदूला साखर कमी पडली, पुन्हा झटका आलाय, आशा धरू नका. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "उपवास धरून होती. पुण्य लागेल तिला."

माझं डोकं फिरलं. दवाखाना आहे, लोक आहेत, काही भान राहिलं नाही. "कसलं पुण्य?" मी ओरडले. "मरायला टाकली तुम्ही तिला! तुमच्या त्या एका प्रश्नापायी माझ्या आईने तोंडाजवळची पेज ओतून दिली! चालते व्हा इथून!" नर्स आली, कुणीतरी मला धरलं. काका गेले. जाताना वॉर्डाच्या दारातल्या क्रुसासमोर गुडघा टेकायला मात्र विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी फादरांकडे गेले. तरुण, नवीनच आलेले. मी रडत सगळं सांगितलं. ते मधेच मला थांबवून म्हणाले, "पण आजाऱ्याला तो नियम नाही. म्हाताऱ्यांना नाही, आजाऱ्यांना नाही, त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

नियमच नव्हता. ज्या नियमासाठी माझी आई उपाशी राहिली तो तिच्यासाठी कधी नव्हताच. आणि गावात देवाचा कायदा ज्याच्या तोंडी, त्या माणसाला कायद्यातलं हे माहीत नव्हतं. सूट कुणाला आहे, हे शोधायची गरजच त्यांना आयुष्यात कधी पडली नव्हती.

फादर लगेच स्कूटर काढून माझ्या मागोमाग दवाखान्यात आले. आईला शुद्ध आली होती, बोलता येत नव्हतं. नाकात नळी. नर्सने स्पष्ट सांगितलं, तोंडावाटे काही द्यायचं नाही, कणही नाही, छातीत जाईल. फादरांनी तिला आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल लावलं, प्रार्थना केली आणि डबी उघडून तिला दाखवली. म्हणाले, "मावशी, मनाने घ्या. प्रभू आलाय."

आईने डबीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

फादरांनी माझ्याकडे बघितलं, मी नर्सकडे. नर्सने नकारार्थी मान हलवली. आईचं तोंड उघडंच. कोरडे पडलेले ओठ, थरथरणारी जीभ, आणि डोळे त्या डबीवर. किती वेळ ती तशी वाट बघत होती! शेवटी मीच हाताने तिचं तोंड मिटलं. माझ्या या हाताने. त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली.

मयताला काका सगळ्यात पुढे. घरात प्रार्थना त्यांनीच सांगितली, मोठ्या, खणखणीत आवाजात, एक शब्द न चुकता. मी उठून मागच्या दारी गेले आणि मोगऱ्याच्या सुकलेल्या झाडांमध्ये उभी राहिले. फादरांनी त्यांना नियमाचं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. काका त्यावर गावात काय म्हणाले तेही कळलं. "आजकालचे फादर सगळं ढिलं करतात."

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. देवळात समोर आले तर रस्ता बदलायची.

दोनएक वर्षांनी फादरांनी मला बोलावलं आणि विचारलं, आजाऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जाल का? मी म्हणाले, माझा स्वभाव असा, तोंड असं, मला कशाला? ते म्हणाले, म्हणूनच. मी हो म्हटलं ते भक्तीने नाही, रागाने. म्हटलं, निदान माझ्या वाट्याला आलेल्या घरांमध्ये दारात उभं राहून कुणी तो प्रश्न विचारणार नाही.

आणि गेल्या पावसाळ्यात काका देवळाच्याच पायरीवरून घसरले. खुबा मोडला, त्यात वय, परत उभे राहिले नाहीत. त्यांचं घर माझ्याच वाट्यात आलं. मी ते सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. मुद्दाम. इतर सगळ्यांकडे जाऊन मग तिथे.

पहिल्या खेपेला गेले तेव्हा काकीने सगळं मांडून ठेवलं होतं. पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याची वाटी. काका खाटेवर, अंगाने निम्मे झालेले. मी डबी काढली.

"मी पेज प्यालो," काका म्हणाले. "आत्ताच."

"आजाऱ्याला उपवास नाही, काका."

"ते फादरांचं." त्यांनी ओठ घट्ट मिटले.

काकी रडवेली झाली. म्हणाली, "बघ ना गं. फादर स्वतः आले होते, त्यांनाही असंच परत पाठवलं. माझं तर ऐकतच नाहीत."

मी त्यांच्या त्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. पेज पिऊन त्यांनी कम्युनियन घेतलं असतं, तर माझ्या आईलाही घेता आलं असतं, हे त्यांना कबूल करावं लागलं असतं. ते कबूल करण्यापेक्षा हा माणूस प्रभूशिवाय मरायला तयार होता. माझं पित्त असं खवळलं की वाटलं, ठेवावी डबी पिशवीत, म्हणावं आमच्या बापा, नमो मरिया, आणि उतरावी पायरी. त्यांच्याच नियमाने. कुणी मला एक शब्द बोललं नसतं.

मी डबी पांढऱ्या कापडावर ठेवली, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्यांच्या खाटेला लावून बसले.

"जात नाहीस?" काकीने विचारलं.

"नाही. तास होऊ दे."

काका कष्टाने म्हणाले, "प्रभू बरोबर असताना बसून गप्पा..."

"मी गप्पा मारत नाहीये," मी म्हणाले.

आणि खरंच मारल्या नाहीत. मेणबत्ती जळत होती, बाहेर काकांच्या वाडीत कुणीतरी केळीची पानं कापत होतं. मी रागाने बसले होते, हे लपवत नाही. प्रार्थना केली नाही. त्यांच्याकडे बघत बसले. आणि बसता बसता आईचा आवाज कानात आला. भाऊजी, बसा ना थोडं. भाऊजी, बसा ना थोडं. मला इतकी वर्षं वाटत होतं, ती पाहुणचार करतेय. ती त्यांना थांबा म्हणत होती. तास संपेपर्यंत थांबा. त्यांचा नियमही राहील आणि माझं तोंडही गोड होईल. ती तेवढंच मागत होती, दर महिन्याला, त्यांना कमीपणा येणार नाही अशा शब्दांत. आणि ते मलाही ऐकू आलं नव्हतं.

काका छताकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ती बसा म्हणायची."

"हो."

"मी कधी बसलो नाही."

"नाही बसलात."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायला त्यांचा हात उठेना आणि मी पुसलं नाही. काकीने पदराने पुसलं. भिंतीवरच्या घड्याळात तास पुरा झाला, तरी मी आणखी थोडी बसले. मग उठले, डबी उघडली.

"ख्रिस्ताचं शरीर."

काकांनी तोंड उघडलं. कोरडे पडलेले ओठ, थरथरणारी जीभ. मी हे आधी पाहिलेलं होतं. माझा हात थांबला. मग मी भाकर त्यांच्या जिभेवर ठेवली.

"आमेन," ते म्हणाले.

मी त्यांना माफ केलेलं नाही. आईने केव्हाच केलं असेल, तिचं ती बघून घेईल. मी चपला घालत होते तेव्हा काकी मागोमाग पायरीपर्यंत आली. म्हणाली, "पुढच्या महिन्यात कितीला येशील? म्हणजे त्यांना त्याआधी काही देणार नाही."

"खुशाल द्या काकी," मी म्हणाले. "मी बसेन."